डॅशबोर्डमागची खडखड

प्रिय भिंगरी,

मागच्या फोनवर तू चिडून म्हणालीस, की बढती मिळाल्याचं बाबांना सांगितलं तर ते नुसतं बरं, आईला देतो म्हणाले. मी दूरची नोकरी धरल्याचा त्यांचा राग अजून गेला नसेल तर राहू दे, आता मी फोनच करत नाही. आणि खरंच केला नाहीस. हट्टात तू बापावर गेली आहेस, त्यात माझा काही दोष नाही. पण त्या विषयाकडे मी मागाहून येते. आधी गाडीचं ऐक, कारण सध्या घरात दुसरा विषयच नाही.

आपल्या म्हाताऱ्या गाडीत खडखड सुरू झाली. डॅशबोर्डच्या मागून कुठून तरी. गाडी उभी असली की चिडीचूप, रस्त्याला लागली की सुरू. तुझ्या बाबांना सांगितलं, तर म्हणे काही नाही, तुला भास होतात. मला भास! मग एकदा बाजारात जाताना शेजारीण मागे बसली होती, तिनंही विचारलं की हे काय वाजतंय, तेव्हा कुठे स्वारीला पटलं. दुसऱ्या दिवशी चहा होताच पाने-पेचकस घेऊन कामाला लागले.

डेपोत त्यांना सगळे कानसेन म्हणायचे, आठवतं ना? बस फाटकातून आत वळायच्या आधीच कुठलं चाक कुरकुरतंय ते सांगायचे. तुलाही त्यांनी तोच नाद लावला. जेवता जेवता खिडकीबाहेरची गाडी तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखायचात, आणि एकमत झालं नाही की ताटावर हुज्जत घालत बसायचात. मी आपली दगडी कानांची, तुम्हाला वाढत राहायची.

आता गंमत बघ. या वेळी ऐकायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. गाडी चालवायची मी आणि ऐकायचंही मीच. ते शेजारी बसून, दोन्ही तळवे डॅशबोर्डवर टेकून, डोळे मिटून. आवाज कसा येतो, विचारायचे. डब्यात वाटाणे हलावेत तसा, की पेल्याला चमचा लागावा तसा? खड्ड्यात जास्त की वळणावर? मी जरा गडबडले की उलटतपासणी. समोरचा कप्पा रिकामा केला, हवेच्या जाळ्यांत कापूस कोंबला, एकेक पट्टी दाबून धरायची आणि मला विचारायचं, आता? आणि आता? माझा जीव मेटाकुटीला आला, पण ते काही हटले नाहीत. शेवटी त्यांची बोटं रेडिओच्या बाजूला येऊन थांबली. म्हणाले, इथे आहे. मी हात लावून पाहिला, मला काही कळलं नाही. दारात गाडी लावून त्यांनी डॅशबोर्ड उतरवला, आत हात घातला आणि बरोबर त्याच जागेवरून एक स्क्रू बाहेर काढला. या माणसाशी लग्न केलं याचा मला इतका अभिमान वाटला, की मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

ते मात्र हसले नाहीत. स्क्रू तळहातावर घेऊन नुसते बघत बसले. तो त्यांचाच होता. जुना स्पीकर गेलाय, आवाजच येत नाही म्हणून मध्यंतरी त्यांनी स्वतःच नवा, मोठा बसवला होता. मला जुना चांगला ऐकू यायचा, पण कानसेनांशी वाद कोण घालणार? तो बसवताना स्क्रू निसटून आत पडला असणार. हातातून काही सुटलं तर आवाजावरून ते कुठे गेलं हे न बघता सांगणारा माणूस, आणि त्यांना तो पडलेला कळलाच नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ही खडखड मला एकदाही ऐकू आली नाही गं.

म्हणून हे पत्र. ते रागावलेले नाहीत. तुझा आवाज त्यांना फोनवर नुसता गुणगुणल्यासारखा येतो, शब्द कळत नाहीत. परत परत विचारलं तर तुझ्या लक्षात येईल, म्हणून बरं म्हणून माझ्या हातात फोन द्यायचे, आणि मी बावळट तो घेत राहिले. तुझ्या बढतीचं मी त्या दिवशी जवळ बसून सांगितलं, तर सगळं खोदून खोदून विचारलं आणि तडक शेजारणीकडे सांगायला गेले. कानाच्या डॉक्टरकडे जायलाही कसेबसे कबूल झालेत. तू आता फोन करू नकोस, ये. गाडी तू चालव, म्हणजे त्यांच्या उजव्या बाजूला बसशील. तो कान अजून साथ देतो. डॅशबोर्ड उघडाच पडलाय. खडखड गेली, असं मी शपथेवर सांगितलं, पण माझ्या कानांवर त्यांचा विश्वास नाही. म्हणतात, भिंगरी येऊन ऐकेल, मगच बंद करीन.

तुझी वाट बघणारी,
तुझीच दगडी कानांची आई