आईचा पाय

मंगळवार, संध्याकाळ

बाबांच्या मणक्यातून आज गाठ काढली. डॉक्टरांनी ती बाटलीत दाखवली. कॅल्शियम साचून शिंपल्यासारखी कडक झालेली, मज्जारज्जूत रुतत चाललेली. अशी क्वचितच सापडते म्हणे.

आई पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी आले होते. पाठीत चमक भरली की अख्खा कोळीवाडा तिची लाथ घ्यायला येतो. बाबांची पाठ सतत दुखायची, त्यांना तर ती रोज लाथ मारायची. नेमकी तिथेच! एखादी जोरात बसली असती तर? हे ऐकून डॉक्टर नुसतेच म्हणाले, "नशीब."

बाबा चालतील का, हे पायाची बोटं हलल्यावरच कळणार होतं. शुद्धीवर येताच ते आईला म्हणाले, "काय गो, आज लाथ न्हाय मारीत?"

आईने पाय साडीत ओढून घेतला.

मग बाबांचा अंगठा हलला. मी ओरडलेच. आई मात्र स्वतःच्याच पायाकडे बघत होती.