निनावी बदाम

चि. बाळ्यास,

तुझ्या ताईने मला त्या व्हिडिओंच्या अ‍ॅपवर बसवलं, तेव्हा मी म्हटलेल्या शाळेतल्या कवितांवर लाल बदामांचा सडा पडायचा. मग जग दुसऱ्या अ‍ॅपवर गेलं. "बाबा, तिथं आता काळं कुत्रंही फिरकत नाही," ताई हसायची. पण एक निनावी बदाम रोज यायचा. परवा दुसऱ्या कडव्यानंतर मी अडखळलो, तर त्याने खाली पुढची ओळ लिहिली. तिसरं कडवं गाळून थेट चौथ्याची. लहानपणापासून तशी म्हणणारा जगात तूच, भांडून घर सोडलेला.

काल अ‍ॅपचा शेवटचा दिवस. तुझा पत्ता कुणाकडेच नाही, म्हणून "बाळ्या, घरी ये" एवढंच म्हणायला कॅमेऱ्यासमोर बसलो आणि सवयीने कविताच म्हणून उठलो.

वाट पाहणारा,
बाबा