‘ठीक’ नावाचं बटण

तीर्थरूप तोमिए मावशी,

कमरेत पूर्ण वाकून नमस्कार. (किती वाकलो ते तू मोजतेस, म्हणून सांगितलं.) गुडघा कसा आहे? ओसाकाहून पाठवलेलं वांग्याचं लोणचं पोचलं, फारच छान झालंय. मी मजेत आहे, म्हणजे घामाने निथळतोय.

त्याचं असं झालं. आमच्या नगरपालिकेत पूर्वी तळघरातली एक चावी फिरवली की अख्खी इमारत गारठायची, नाहीतर भाजून निघायची. यंदा ती जाऊन नवी यंत्रणा आली. प्रत्येक टेबलावर तीन बटणं: ‘उकडतंय’, ‘गारठलो’ आणि ‘ठीक’. लोक दाबतील तसा संगणक शिकेल आणि हवा बेताची ठेवेल. कल्पना माझीच. (टाळ्याही पडल्या होत्या.) पण आमच्याकडे साहेबांच्या आधी ‘उकडतंय’ म्हणणार कोण? शिवाय शेजारणीला थंडी वाजली तर? सगळ्यांनी ‘ठीक’ दाबलं. हाताखालची माणसं एवढी सुखात पाहून कुसाका साहेबांनीही ‘ठीक’च दाबलं. संगणकाला वाटलं, भलतीच समाधानी मंडळी दिसतात, तापू दे अजून थोडं, वीज वाचेल. काल एकतीस अंश झाले. दाखल्यांच्या खिडकीवरच्या मोरिगुची बाईंना म्हटलं, “उकडतंय ना हो?” कपाळ पुसत म्हणाल्या, “छे छे, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत!”

सोमवारी नगराध्यक्षबाई पाहणीला येणार. तोवर गार झालं नाही तर जुनी चावी परत येईल आणि माझी बदली कचरा जाळायच्या भट्टीवर. (तिथे उकाड्याला निदान कारण असेल.) खरंच धास्ती घेतलीय गं मी.

तुझा भाचा,
नोबुयुकी

ता. क. चार दिवस येतेस का? दुकानातला पंखा स्वतःकडे वळवून घेऊन मग भावावरून भांडणारी आपल्या घराण्यात तू एकटीच. लोकांच्या बाकांजवळही बटणं आहेत. तू फक्त बसायचं आणि मनात येईल ते दाबायचं. म्हाताऱ्या बाईला एकटं पाडायचं नाही म्हणून बाकीचेही दाबतील.

आणखी एक. तू म्हणशील, मेल्या, तुझ्या हाताला काय झालंय? गेलो होतो दाबायला. साहेब बघत होते. मी रुमाल काढला, बटण पुसलं आणि ‘ठीक’ दाबलं.

पाकीट बंद करता करता: कुठूनतरी सुरुवात करायला हवी. मावशी, लोणचं खारट झालंय.