भाकरीच्या वेळची हाक

॥ श्री ॥
उधना, सुरत
१० डिसेंबर २०२४

ती. मायस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, मी आणि पोटातलं दोघंही ठणठणीत आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं आबा विचारतील. त्यांना सांग, फोनवर मायचं अर्धं बोलणं माझ्याशी असतं आणि अर्धं तिने गोळा केलेल्या जखमी कुत्र्यांशी. परवा मी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगत होते आणि तू मध्येच म्हणालीस, चाटू नको, पट्टी निघेल. मला वाटलं मलाच सांगतेस. पत्र वाचायला तरी एका जागी बसशील.

दिवाळीत आले तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. माझ्या बाजेवर ती लंगडी कुत्री. अंगाखाली माझी गोधडी, आजीने शिवलेली. आणि नाव काय, तर रुपी. जगात मोती, राणी, चंपी ही नावं संपली होती का? तू अंगणातून हाक मारलीस, मी 'ओ' देऊन उठले आणि माझ्या आधी ती पोहोचली. आबा हसले, तूही हसलीस. मला हसू आलं नाही.

सासूबाई म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. मी म्हटलं, माहेरी माझी जागा भरलेली आहे. इथेच करीन.

आबांना नमस्कार. त्या रुपीवरून लोभ उरला तर थोडा इकडे पाठव.
तुझी,
रुपा


॥ श्री ॥
ब्राह्मणपुरी
१९ डिसेंबर २०२४

चि. सौ. रुपास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गेटपाशी उभ्यानेच वाचलं. बसायला जमलं नाही, रागावू नकोस. मिरचीचा हंगाम सुरू आहे. नंदुरबारला पथारीवर, त्या उघड्या मैदानात, मिरची वाळत घातलेली असते ती तू पाहिली आहेस. थंडीत बेवारशी पिल्लं ऊब म्हणून त्या ढिगात शिरून झोपतात आणि सकाळी डोळे सुजून किंचाळत उठतात. एका हमालाने अशी चार पिल्लं पोत्यातून आणून दिली. दिवसभर गार पाण्याने डोळे धुतले. दोन वाचली, दोन गेली. आबांनी त्यांना लिंबाखाली पुरलं आणि घास न खाता उठले.

आता तुझ्या नावाचं. ते मी तिला दिलेलं नाही गं. तुझं लग्न झालं त्याच आठवड्यात उसाच्या ट्रकने तिला उडवलं होतं. आणून ओसरीत ठेवली, तर अन्नाला तोंड लावेना. आणि मी इकडे सवयीने, भाकर तव्यावरून उतरली की हाक मारायची, 'रुपे, भाकर खाई ले वं.' तू सुरतेत, हे लक्षातच नसायचं. एक दिवस अशी हाक मारली आणि ती मागचे पाय ओढत चुलीपाशी आली. मग भाकर तिला दिली. नाव तिने आपणहून घेतलं, मी परत कसं मागू?

जावयांना आशीर्वाद. थंडीत पायात मोजे घाल. माझा जीव तुझ्यातही आहे, मान नाहीतर मानू नकोस.
तुझी,
माय


॥ श्री ॥
उधना, सुरत
२० जानेवारी २०२५

ती. मायस,
सा. न. वि. वि.

डोहाळेजेवणाला तू सकाळी आलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. का, तर रुपीने पाणी घेतलं नाही. जेवढा वेळ होतीस तेवढ्यातही आबांना सारखा फोन, गेटला कडी घातली का, गेटला कडी घातली का. मी ओटीतला नारळ धरून बसले होते. बायका विचारत होत्या, आई कुठे गेली? काय सांगू? कुत्रीकडे?

नवनीत चिडवतात की बायको कुत्रीवर जळते. हो, जळते. तिला तुझ्या हातची भाकर मिळते, मांडी मिळते, हाक मिळते. मला फोनमधून भुंकणं मिळतं. यापुढे तुझा फोन उचलणार नाही. बोलायचं असेल तर लिही, नाहीतर तिच्याशीच बोल.

आबांना नमस्कार. लोभाचं काही मागत नाही.
रुपा


॥ श्री ॥
ब्राह्मणपुरी
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रुपास,
अनेक आशीर्वाद.

रुपी परवा गेली. फार दिवस काढणार नाही, असं शहाद्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. माझ्या मांडीवर गेली. नेमका तेव्हाच तळोद्याहून तुझ्या जमनामावशीचा फोन आला आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, 'मन्ही रुपी गई वं जमना.' पुढे रडू आवरेना, फोन ठेवून दिला. जमना कुत्र्यांच्या भीतीने आपल्याकडे फिरकत नाही. तिला ठाऊक असलेली रुपी एकच, तीही पोटुशी.

दुपारी दारात जीप. जमना आणि तिच्या गल्लीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन उतरल्या आणि माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी भरून पावले. माझ्या कुत्रीसाठी एवढी माणसं तळोद्याहून यावीत! जमनाला म्हटलं, मी तुला दगड समजत होते, मनावर घेऊ नकोस. लिंबाखालची जागा दाखवायला निघाले, तोच तिने डोळे पुसत विचारलं, 'तिले सुरतथाईन कव्हय लयतस?' सुरतेहून केव्हा आणतात, म्हणे!

घोटाळा झालाय, हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. वाटलं, सुरतेहून हिला काही कळलंय आणि मला कोणी सांगितलेलं नाही. तुला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तू उचलणार नाहीस असं लिहिलं होतंस, तेही आठवलं नाही.

मग मी निघाले. सुरतेला कसं जायचं, कशाने जायचं, काही नाही, नुसती शहाद्याच्या रस्त्याने चालत सुटले. पायात चप्पल नव्हती, ते आबांनी नंतर सांगितलं. ते फटफटीवर मागून आले, जावयांना लावलेला फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे तू कुणाला तरी कुकर बंद करायला सांगत होतीस. तेवढं ऐकलं आणि मी रस्त्यातच खाली बसले.

तेव्हा मागे पाहिलं. गेट उघडंच राहिलं होतं. लंगडी, आंधळी, पट्ट्या बांधलेली सगळी माझ्यामागून आली होती. मिरचीतल्या पिल्लांपैकी एक त्या गोंधळात ट्रॅक्टरखाली आलं. त्याला रुपीशेजारी ठेवलं. तुला दोष देत नाही. गेट मी टाकून आले.

जमना म्हणते, खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. त्यावर सगळ्या चहा घेऊन गेल्या.

तुझी बाज रिकामी आहे. गोधडी धुऊन उन्हात टाकली आहे. ये असं म्हणत नाही. पण एकदा फोन उचल.
तुझी,
माय


॥ श्री ॥
उधना, सुरत
१५ फेब्रुवारी २०२५

ती. मायस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन वाजत होता तेव्हा तो माझ्या हातातच होता. लिहिलेलं पाळत बसले होते. याहून जास्त लिहवत नाही.

पिल्लाचं वाईट वाटलं. तरी खरं सांगते, रागवायचं तर रागव. गेट उघडं राहिलं हे वाचून मला बरं वाटलं. तेवढाच भाग परत परत वाचला आणि मग पिल्लासाठी रडले. तुझी लेक अशीच आहे.

सासूबाईंना सांगितलं, बाळंतपण माहेरीच. पुढच्या आठवड्यात, २३ तारखेच्या रविवारी नवनीत मला नंदुरबारपर्यंत सोडतील, तिथून आबांना न्यायला पाठव. तू येऊ नकोस, गेट सांभाळ.

माझी एकच अट आहे. आता दुसरी कुठलीही लंगडी येऊ दे, आपणहून घेतलं तरी हे नाव तिला द्यायचं नाही. मी आले की अंगणात बसेन. भाकर तव्यावरून उतरली की तू चुलीपासून हाक मार, तशीच, सवयीने. या खेपेला आधी मी पोहोचेन.

तुझी,
रुपी