वाळूत पडलेले बोंबील

५ जानेवारी, रविवार

शी! समाजमंदिरात सगळी म्हातारी डोळे मिटून बसलेली, नि बोईसरची ती उत्कर्षा मॅडम सांगते — श्वास बघा. श्वास काय बघायचा? चालू हाय म्हणून तर बसलोय! म्हणे, म्हातारपणी हातपाय हलते ठेवा, मन गोड ठेवा, रोज एक चांगलं झालेलं लिहून काढा. सुनेनं, मंजुळानं, लगेच वही आणून दिली.

आज चांगलं काय झालं — पंखा बंद पडला, लवकर सोडलं.

७ जानेवारी

सकाळी परत बोंबील वाळूत. कुत्र्यांनी चघळलेले, लाळ नि वाळू.

हे मैनाबाईचं काम. आमच्याकडं कामाला येते, माझ्याएवढीच हाय, जन्म गेला तिचा बोंबील सुकवण्यात, पण आता हात गेले. दोन बोंबलांची तोंडं एकात एक नीट अडकवली तर वारा सुटला तरी जोडी काठीवरनं सरकत नाय. हिची अडकतच नसणार. वर हातातलं काम सोडून माझ्या मागनं काठ्यांना हात लावत हिंडते. विचारलं तर म्हणते, "पाय मोकळे करते गं सुगंधे." पाय मोकळे करायला एवढा चिंचणीचा किनारा पडलाय, तिकडं जा की!

८ जानेवारी

चांगलं काय नाय.

१२ जानेवारी, रविवार

मॅडम म्हणाली, ज्याचा राग येतो त्याला डोळ्यांसमोर आणा नि त्याचं भलं चिंता. मैना आली. नाक शिंकरून लुगड्याला हात पुसते, तशीच आली. भलं कसलं चिंतते! डोळे उघडले तर ती शेजारीच, तोंड वासून घोरत होती. मॅडम सगळ्यांना सांगते, बघा या आजी किती शांत झाल्या.

१५ जानेवारी

आज मंजुळाला सांगून टाकलं. वाळू लागलेला माल व्यापारी घेत नाय, असंच चाललं तर दुसऱ्याच्या दारात जाईल. मैनाला काठ्यांवरनं काढ, तिच्या ओट्यावर जवळा निवडत बसू दे.

मंजुळा म्हणाली, "आय, राहू द्या ना तिला. ओट्यावर बसवलं की माणूस संपतं."

मी म्हटलं, धंदा हाय, देऊळ नाय.

गेली शेवटी सांगायला. मैनानं पाटी खाली ठेवली नि घरी गेली म्हणे.

१६ जानेवारी

मैना नाय. बरं वाटलं. माझी काठ्यांची ओळ मी एकटीनं भरली, पलीकडची मंजुळानं. मागं कोण लुडबुडायला नाय, कोण बडबडायला नाय. चांगलं म्हणून हेच लिहिते.

१७ जानेवारी

मंजुळाची ओळ जशीच्या तशी. माझी सगळी वाळूत. वारा पण नव्हता.

मंजुळा खाली बसून वेचत होती. वर न बघता बोलली, "मैनामावशी तुमच्या मागनं सगळे परत अडकवायची. तुमाला कळू देऊ नको म्हणाली."

मैनाच्या दारात गेले. म्हटलं, माझी ओळ पडली.

तिनं पायात चपला सरकवल्या.