येळवस जेवून जा

दि. ८ जानेवारी २०२६
नळदुर्गजवळ, शेतातून

चि. कुलदीप यास,
अक्काचे आशीर्वाद. वैष्णवीला आणि समर्थला पण. थंडी तिकडं जास्त असणार, समर्थचे कान झाकत जा.

पाकिटावर नाव वैष्णवीचं टाकलंय, त्याचा राग मानू नको. तुझ्या नावानं धाडलं असतं तर तू ते न फोडताच कपाटात सारलं असतंस. शाळेतली नापासाची पत्रं सारायचास तसं. फोन तू उचलत नाहीस, मेसेजखाली निळ्या खुणा उमटतात आणि पुढं काही नाही. म्हणून म्हटलं, कागदावर लिहावं. कागदाचं तुला लई कौतुक आहे.

इकडचं म्हणशील तर तूर बरी आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. हायवेला नवा ढाबा पडलाय, रातंदिवस गाणी लावतात, आईची झोप मोडते. आई फोनवर का येत नाही म्हणून वैष्णवीनं दोन-तीनदा विचारलं, तेव्हा मी कान दुखतो म्हणून सांगितलं. वैष्णवी, तुला खोटं सांगितलं बाई. तिचा कान चांगला आहे. तिला त्याचा आवाज ऐकायचा नाही.

आता सुरुवात केलीच आहे तर नीट सांगते.

जूनमध्ये तुमच्या गल्लीत ती माणसं मशाली घेऊन शिरली, परदेशी दिसतील त्या घरांच्या काचा फोडत सुटली, तेव्हा इथं आमच्या घरात चूल पेटली नव्हती. आई देवापुढून उठली नाही. आणि गाव काय, सगळं गाव आपल्या अंगणात. पोरांच्या म्होरक्या उत्कर्षनं चौकात तुझा फोटो लावून बॅनर केला, परदेशातल्या आपल्या लेकरांना संरक्षण द्या. तहसीलला निवेदन दिलं, पेपरात बातमी आली, त्याचं कात्रण तूच स्टेटसला ठेवलं होतंस. तुझ्या शेजारच्या गोऱ्या म्हातारीनं तुम्हां तिघांना आपल्या न्हाणीघरात दडवलं आणि दारात उभं राहून त्या टोळक्याला सांगितलं, इथं माझ्याशिवाय कुणी नाही. हे तू सांगितलंस तेव्हा आई कितीतरी वेळ रडली. मग तिनं त्या बाईला शेंगाची चटणी आणि आपली ठेवणीतली इरकल साडी धाडली. म्हातारीनं साडी खिडकीला पडदा म्हणून लावली, असं तू हसत सांगितलंस. आई म्हणाली, लावू दे, तिची साडी, तिची खिडकी.

म्हणून तर पावसाळ्यात रसूलभाई त्या दोघांना घेऊन आले तेव्हा आईनं जास्त काही विचारलं नाही. रसूलभाईंच्या टायरच्या दुकानात जुबैर कामाला लागला होता. हैदराबादेत त्यांच्या वस्तीला आग लागली, तिथून हायवे धरून इकडं आला. बायको सेतारा, तिच्या कडेला तान्हं लेकरू. मूळ बर्मातली माणसं. तिकडं सैन्यानं गाव जाळलं, तिच्या बापाला तिच्यासमोर मारलं. रसूलभाईंच्या घरात जागा नव्हती, त्यांची बायको अजीजाबी म्हणाली, सारजाबाई, तुमची विहिरीवरची मोटारीची खोली रिकामी आहे ना. आईनं एवढंच विचारलं, लेकरू अंगावर पितं का वरचं घेतं.

राहिली ती माणसं. जुबैर रोज दुकानावर जायचा, सेतारा आमच्याबरोबर मिरच्या तोडायची. भाकरी तिला काही केल्या थापता येत नव्हती, तिचा नकाशा व्हायचा. ती सुकी मासळी शिजवायची तेव्हा आई नाकाला पदर लावून शिव्या द्यायची, आणि संध्याकाळी तिच्याच लेकराला मांडीवर घेऊन बसायची. आईला ती माँ म्हणायची. आई आधी म्हणाली, मला सारजाबाई म्हण. मग आईनंच ते सोडलं.

हे सगळं मी तुला फोनवर कौतुकानं सांगितलं. चूक झाली असेल तर ही माझी. मला वाटलं, जून भोगलेला माणूस आहे, याला सांगायलाच नको. तू विचारलंस, कागद आहेत का त्यांच्याकडं. मी म्हटलं, कार्ड आहे संयुक्त राष्ट्रांचं, फोटोचं. तू म्हणालास, ते कागद नव्हे अक्का. आम्ही कागदावर आलोय, नोकरीवर आलोय. इथं त्या हॉटेलात आश्रय मागणारे आणून ठेवलेत, त्यांच्यापायी आमच्या काचा फुटल्या. मी विचारलं, काच फोडणाऱ्यानं तुझा कागद बघितला होता का रे. तेव्हा तुला ड्युटीला उशीर होत होता.

डिसेंबरात बाजारात कुजबुज सुरू झाली. रसूलभाईंच्या कानावर आली, ते घाबरले. ओळखीच्या ट्रकवाल्याला सांगून त्यांनी जुबैर-सेताराला परत हैदराबादला लावून द्यायचं ठरवलं. ट्रक आला तो नेमका येळवशीच्या आदल्या दिवशी. आई आडवी आली. उद्या येळवस, रानातल्या पूजेची अवस, उद्या रस्त्यानं जाणाऱ्या परक्यालाही हात धरून रानात बसवायचं, आणि घरात राहिलेल्या लेकीला आज उपाशी वाटेला लावू का मी. म्हणाली, येळवस जेवून जा. रसूलभाई खूप बोलले, पण तुला आई माहीत आहे. मलाही ते बरोबरच वाटलं होतं. ट्रक रिकामा गेला.

दुसऱ्या दिवशी कडब्याची कोप उभी केली, पाच दगडांचे पांडव मांडले. सेतारानं आंबील घुसळली, भज्जीत काय काय पडतं ते बघून तिला हसू आवरेना. गाव सगळं रानोमाळ. येतंय जातंय त्याला आई हाक मारत होती. उत्कर्ष पण आला, चार पोरं घेऊन. कोपीत बसला, भज्जी-उंडे खाल्ले, आंबिलीचा तांब्या सेताराच्या हातून घेतला, परत मागितला. जाताना फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. येळवशीच्या शुभेच्छा.

त्याच फोटोखाली तुझ्या आवाजातला मेसेज आला.

वैष्णवी, त्यानं काय बोलून टाकलं हे तुला माहीत नसणार, म्हणून लिहिते. मला आता पाठ झालंय. "मी कुलदीप बोलतोय. ही बर्मातली माणसं आहेत. माझ्या म्हाताऱ्या आईला दमदाटी करून आमच्या शेतातल्या खोलीवर ताबा मारलाय त्यांनी. आज एक घर आलंय, उद्या गाव भरेल. मी इकडं भोगतोय, म्हणून सांगतो, आत्ताच हाकला."

दमदाटी कुणी केली रे आईला? आईला? तिनं पाटलाच्या बैलाला आपल्या बांधावरून दगड मारून हाकललेलं तू डोळ्यानं बघितलंयस. तू त्या माणसांना कधी पाहिलं नाहीस. त्यांच्याबद्दल जे काही माहीत होतं ते माझ्या तोंडून, आणि मी तर त्या लेकराच्या पहिल्या दाताची बातमी दिली होती तुला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेतात आले. उत्कर्ष पुढं. बाकीची पण आपलीच पोरं, आईनं प्रत्येकाला कधी ना कधी ताट वाढलेलं. जुबैर दुकानावर गेला होता. खोलीचं दार लोटलेलं, आत सेतारा आणि लेकरू. मी विहिरीवरून पळत आले तोवर आई दारात उभी राहिली होती. दोन्ही हात चौकटीला. म्हणाली, आत माझ्याशिवाय कुणी न्हाई. आत लेकरू खोकत होतं, सगळ्यांना ऐकू येत होतं, पण आई पुन्हा तेच म्हणाली. पोरं थबकली होती, मी खोटं सांगत नाही. एक-दोघं मागं सरकली. सारजाकाकूला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मग उत्कर्ष म्हणाला, "काकू, आमचं ऐकू नका. तुमच्याच पोराचं ऐका." आणि त्यानं मोबाईल वर धरला.

आईनं ऐकलं. म्हणाली, परत लाव. त्यानं परत लावलं. तिनं हात खाली घेतले आणि उंबऱ्याच्या बाजूला दगडावर बसली. दार मोकळं झालं.

मी नंतर तिला विचारलं, का बाजूला झालीस तिथून. म्हणाली, मला वाटलं पोरगं एवढ्या लांबून सांगतंय, शिकलेलं हाय, त्यानं सोसलंय, म्हंजी आपल्यालाच कळत नसंल. तेवढ्या वेळापुरतं तिनं तुझं खरं मानलं. त्या तेवढ्या वेळात त्यांनी सेताराला बाहेर काढलं. लेकराचं टोपडं आत राहिलं म्हणून ती वळली, तर एकानं दंडाला धरून ओढलं. ती आईकडं बघत होती, आणि आई खाली बघत होती. जाताना पोरांनी कोप पेटवून दिली. पांडव पण त्यातच.

जुबैरला दुकानावरून उचललं. मधे पडले म्हणून रसूलभाईंना मारलं, आणि वर त्यांनाच विचारलं, तुझे कागद कुठं आहेत. त्यांचे आजे-पणजे इथल्याच मातीत पुरलेत. दुकान तेव्हापासून बंद आहे. अजीजाबी आमच्याकडं येत नाही. आई जाते तिच्या दारापर्यंत आणि परत येते.

पोलिसांनी कार्ड उलटून पालटून बघितलं, याचा उपयोग नाही म्हणाले. तक्रारीत लिहिलं, वृद्ध महिलेला धमकावून शेतजागेचा ताबा. आईनं तिथं जाऊन सांगितलं, मला कुणी धमकावलं न्हाई. तर साहेब म्हणाले, आजी, तुम्ही दबावाखाली आहात, तुमचा मुलगाच सांगतोय. तुझ्या आवाजापुढं तिचं तोंड खोटं ठरलं. आधी त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात नेलं, आता अजून कुठं. आम्ही केलेल्या वकिलांना एवढंच कळलंय की अजून देशाबाहेर काढलेलं नाही, पण काढणार आहेत. म्हणजे जिथून जीव घेऊन पळाली तिथंच, लेकरासकट.

खंडपीठातले हे वकील भले माणूस आहेत. त्यांचं म्हणणं, ताब्याची तक्रार खोटी ठरली तर हाकलणं थांबवायला मोठा आधार मिळेल, आणि ती तक्रार सगळी तुझ्या बोलण्यावर उभी आहे. तू फक्त लिहून द्यायचंस की मी या माणसांना ओळखत नाही, आईला धमकावलेलं मी पाहिलं नाही, ऐकलं नाही, ते मी मनचंच बोललो. एवढंच मागितलं मी तुला शेवटच्या फोनवर. तू म्हणालास, "अक्का, माझा कायम राहायचा अर्ज आत गेलाय. खोटी तक्रार, कोर्ट, असल्या कशात माझं नाव दिसलं तर सगळं संपलं. समर्थचं बघ जरा." आणि ठेवलास.

समर्थचं बघितलं मी. चार दिवस बघत बसले. तुझी भीती खोटी नाही, ते मला कळतं. रात्री गाडीचा आवाज आला तरी तो अजून पलंगाखाली जातो, असं वैष्णवीनं सांगितलं होतं. जीव तुटतो माझा. पण तुझ्या घरावर आलेल्या टोळीत तुझा सख्खा शेजारी होता म्हणून तू किती थुंकला होतास त्याच्या नावानं. कुलदीप, तू त्याच्यापेक्षा लांब उभा होतास एवढाच फरक. आणि तुला साधा दगडसुद्धा उचलावा लागला नाही.

चिडून लिहितेय असं तुला वाटेल. चिडलेच आहे. ज्यांनी तुझ्या नावाचा बॅनर धरला, त्याच हातांनी कोप पेटवली, आणि अजून भेटले की विचारतात, कुलदीप बरा आहे ना तिकडं, काळजी घ्या म्हणावं. मी मान हलवते. गावात राहायचंय.

आता शेवटचं. सुनावणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. आईनं शपथपत्र केलंय. वकिलांनी तिला दोनदा विचारलं, आजी, मुलगा खोटं बोलला असं स्पष्ट लिहू का, त्याला तिकडं त्रास होऊ शकतो. आई म्हणाली, "लिवा. जन्माला मीच घातलाय, मलाच सांगावं लागंल." माझंही झालंय. त्यात मी लिहिलंय की तो आवाज तुझाच, आणि त्या माणसांची माहिती तुला फक्त माझ्याकडून मिळाली, त्यात दमदाटीचा एक शब्द नव्हता.

तुझं लिहून आलं तर वकील आमचे दोन्ही कागद बाजूला ठेवतील. मग कोर्टात तुझं नाव येईल ते चूक कळल्यावर स्वतःहून सांगणारा माणूस म्हणून. नाही आलं तरी तुझं नाव येणारच आहे. तेव्हा ते तुझी आई घेईल, न्यायाधीशासमोर उभं राहून.

वैष्णवी, हे पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखव. समर्थ झोपल्यावर.

शपथपत्राच्या कागदावर नातं लिहायची जागा असते. वकिलांनी माझ्या नावापुढं जे लिहिलं, तेच खाली लिहिते. यापेक्षा जवळचं आज काही लिहवत नाही.

ध्वनिफितीत ज्याचा आवाज आहे, त्याची सख्खी बहीण,
शिवकन्या