कन्नडची एसटी इथं थांबती का?

रविवार, सायंकाळ.

आज पितृचरणांनी पडेगावच्या सदनिकेचे अवलोकन केले. रिकाम्या दिवाणखान्यात उभा राहून मी स्थानमाहात्म्य आरंभिले: दाराशी शहर बस, रेल्वे स्थानकापर्यंत अखंड रिक्षाप्रवाह, मजल्यावर चार घरे आणि चार चालीरीती. पत्नी म्हणाली, "अहो, कीर्तन आवरा. बाबांना टेकू द्या."

आई गेल्यापासून बाबा कन्नडला एकटे. हे घर त्यांच्यासाठीच घेतो आहे. आणि सबंध घर पाहून त्यांनी विचारले एवढेच, "कन्नडची एसटी इथं थांबती का?"

राहायला येण्यापूर्वीच परतीची गाडी!

समोरच्या घरातल्या शमीम खाला चहा घेऊन आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "रुकती ना, चचा. हात दिखाना पडता बस."

खरे लिहितो. त्या क्षणी वाटले, या माउलीने 'नाही' म्हणायला हवे होते. परतीची गाडी नसती तर बाबा कायमचे राहिले असते. की आलेच नसते?

खाली उतरल्यावर बाबा थेट रस्त्याकडेला गेले. कन्नडची एसटी येताच त्यांनी हात दाखवला. ती थांबली. वाहकाने दार उघडले.

"जा तुम्ही," बाबा म्हणाले. "नुसतं बघत होतो."

वाहकाने जे उद्गार काढले, त्यांना संस्कृतात प्रतिशब्द नाहीत.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत बाबा तिथेच उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घे मंग घर. येतो मी ऱ्हायला."